खालच्या मजल्यावरचा देश

मुलांनो, आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांइतका देशाभिमानी माणूस मी उभ्या आयुष्यात पाहिला नाही, आणि त्यांना देशच नव्हता. म्हणजे जो होता तो त्यांना नको होता, आणि जो हवा होता तो अजून झालेला नव्हता. लव्हालच्या आमच्या या दुमजली घराचे ते मालक. तुम्ही बाबांबरोबर इथून कॅल्गरीला गेलात तेव्हा लहान होतात, त्यामुळे त्यांच्या भुवया तेवढ्या आठवत असतील. क्वेबेक प्रांताने कॅनडातून बाहेर पडून आपला वेगळा देश करावा की नाही, यावर तुमच्या जन्माआधी इथे मतदान झालं होतं. 'बाहेर पडू' म्हणणारे अगदी थोडक्यात हरले. लोक हळूहळू ते विसरून कामाला लागले. आमचे खालचे काही लागले नाहीत.

शेजारच्या ऑन्टारिओ प्रांतातून आलेला टोमॅटो त्यांच्या लेखी आयात माल. ग्रोसरीच्या दुकानात ते चष्मा कपाळावर चढवून प्रत्येक फळावरचा स्टिकर वाचत, आणि मागे कोणी ढकलगाडी घेऊन खोळंबलं की मान न वळवता म्हणत, "थांबा, कस्टम्सची तपासणी चालू आहे." वीस डॉलरच्या नोटेवर इंग्लंडच्या राणीचा चेहरा असतो, म्हणून त्यांच्या खिशातल्या नोटा कायम चेहरा आत करून घडी घातलेल्या. एक जुलैला सगळा कॅनडा देशाचा वाढदिवस साजरा करतो. क्वेबेकमध्ये मात्र नेमक्या त्याच दिवशी भाड्याचे करार संपतात आणि गल्लोगल्ली लोक घरं बदलत असतात. आमचे खालचे त्या दिवशी सकाळपासून रस्त्यावर. ज्याचं सामान दिसेल त्याला हात लावायला हजर, ओळख असो वा नसो. "तो झेंडा उचलण्यापेक्षा फ्रिज उचललेला बरा, मादाम," असं मला वर बघून ओरडून सांगत. दुसऱ्या दिवशी पाठीला गरम पाण्याची पिशवी.

त्यांची भाषा फ्रेंच. इंग्रजी त्यांना उत्तम येई, पण ते बोलत नसत. माझ्याशी मात्र बोलत. पहिल्याच हिवाळ्यात मी बाहेरच्या जिन्यावरचा बर्फ शोव्हल करायला उतरले, तेव्हा माझ्या हातातलं फावडं काढून घेत त्यांनी त्याचं कारण सांगितलं. "तुमच्यावरही इंग्रजांनीच राज्य केलं ना? मग आपण एकाच तुरुंगातले जुने कैदी. कैद्यांनी आपापसात तुरुंगाच्या भाषेत बोललं तर चालतं." जन्मभर नागपूरच्या शाळेत इंग्रजी शिकवलेल्या मला हे जरा झोंबलं, पण फावडं त्यांच्या हातात होतं आणि जिना लांब होता.

त्यांची बायको त्यांच्या अगदी उलट. तिला कॅनडातच राहायचं होतं. त्या मतदानाला दोघं एकाच गाडीतून गेले, एकमेकांचं मत खोडून आले आणि घरी येऊन सूप प्यायले. "इतक्या थोडक्यात हरलो, मादाम, की वाटतं, कोणीतरी मत बदललं असतं तर! आणि ते कोणीतरी माझ्याच स्वयंपाकघरात कांदा चिरत होतं." तिने फेरविचार करावा म्हणून मग दरवर्षी पानं गळायला लागली की त्यांच्या घरी पुन्हा मतदान होई. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, दोन चिठ्ठ्या, दोन मतदार. निकाल दरवर्षी बरोबरीचा.

ती गेली त्या वर्षी ते डबा घेऊन वर आले. मला नागपूरला निवडणुकीच्या ड्युट्या लागायच्या, लाखेचं सील आणि बोटाची शाई मी हाताळली आहे, हे त्यांनी कधीतरी ऐकलं होतं. "केंद्राध्यक्ष पाहिजे," म्हणाले. मी गेले, आणि डब्याशेजारी दोन चिठ्ठ्या पाहून शिस्तीप्रमाणे सांगितलं, "मयत मतदाराचं नाव यादीतून वगळावं लागतं."

"इथे कोणी मयत नाही, मादाम. तिचे बूट दाराशी आहेत, बघा."

मी बघितले. बूट पॉलिश केलेले होते. मी नियम गुंडाळून ठेवला. त्यांनी स्वतःचं मत 'वुई' म्हणजे हो, बाहेर पडू, असं टाकलं, तिचं प्रामाणिकपणे 'नों' म्हणजे नाही असं टाकलं, आणि मी त्यांच्या नखावर निळ्या पेनाने रेघ ओढली. ती रेघ ते बेकरीतल्या बाईलाही दाखवून आले. पुढे दरवर्षी हेच.

मग एका हिवाळ्यात ते दारातच बर्फावरून घसरले. ओकव्हिलहून त्यांची लेक आली. तिने आमच्या जिन्यात उभं राहून मला सांगितलं, "माझ्याकडे बेसमेंटमध्ये छान खोली केलीय. मुलं रोज विचारतात. तुमचं ऐकतील ते." मी सांगून पाहिलं. म्हणाले, "ओकव्हिल ऑन्टारिओत आहे. परदेशात म्हातारपण काढू?" लेक रडत परत गेली. पुढे पानं गळायला लागली तसे ते वर आले आणि म्हणाले, "या वर्षीचं मतदान शेवटचं. 'एकत्र राहू' जिंकलं, तर ओकव्हिल माझ्याच देशात. मग जायला लाज कसली?"

दुपारी मी डबा उघडला. एक हो, एक नाही. "बरोबरी," मी म्हटलं, "दरवर्षीसारखी."

"दरवर्षीसारखी नाही. 'नाही' माझं आहे."

"मग 'हो' कोणाचं?"

"तिचं! मी बाजू बदलल्यावर ती त्याच बाजूला राहील असं वाटतं तुम्हाला? आमचं लग्न झालं होतं, मादाम." ते हसायला लागले, आणि हसता हसता चष्मा काढून बराच वेळ पुसत बसले. मग म्हणाले, "बरोबरी झाली तर तुमच्याकडे काय करतात?"

"चिठ्ठी उचलतात."

"नशिबावर? छे! आमच्या घरात अध्यक्ष ठरवेल. लिहा."

तुमचे आजोबा गेल्यापासून वर मी एकटीच; खालच्यांचा रेडिओ लागला की माझी सकाळ व्हायची. त्यातलं अक्षरही कळत नसे, पण या घरात आणखी कोणी जागं आहे एवढं कळे. मी 'हो' लिहिलं असतं, तर तो रेडिओ तसाच चालू राहिला असता. मी चिठ्ठीवर 'नाही' लिहिलं, मराठीत.

त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. "काय म्हणता आहात यात?"

"बेसमेंटला खिडकी आहे का ते आधी बघून घ्या, असं म्हणते आहे."

लेक न्यायला आली तेव्हा गाडीत बसता बसता त्यांनी काच खाली केली. "आणि वरच्या मजल्याचं मतदान कधी, मादाम?" मी हात हलवला. गाडी कोपऱ्यावरून वळली, तरी मी उभीच होते. घरात जायची काही घाई नव्हती.

तुमचे बाबा दर रविवारी फोनवर विचारतात, "आई, कॅल्गरीला कधी येतेस?" मी म्हणते, बघू. परवा मात्र खरंच कागद फाडून दोन चिठ्ठ्या केल्या. माझं काही ठरेना, म्हणून म्हटलं, आधी तुमच्या आजोबांचं मत लिहून टाकू. पण त्यांनी मला कधी विरोधच केला नाही. घर घ्यायचं असो की देश सोडायचा, वर्तमानपत्रातून डोकं वर न काढता एवढंच म्हणायचे, "तू म्हणशील तसं." तेव्हा याचा मला फार राग यायचा. आता प्रामाणिकपणे टाकायचं, तर त्यांचं मत तेवढंच. मी तसंच लिहिलं, 'तू म्हणशील तसं', नीट घडी घातली आणि माझ्या कोऱ्या चिठ्ठीशेजारी ठेवली.