बोडणाची चौथी सवाष्ण

माझ्या डाव्या स्तनातली गाठ कॅन्सरची आहे हे कळून चार दिवस झाले होते, तेव्हा पुण्याहून मावससासूबाईंचा फोन आला. "तू भाग्यवान गं," त्या म्हणाल्या, "काशीतच आहेस. लोक कुठून कुठून मरायला येतात तिथे."

"मग या ना तुम्हीही," मी म्हटलं. "वरची खोली रिकामीच आहे."

त्यांनी फोन ठेवला. नवरा म्हणाला, थोरल्या माणसांशी असं बोलू नये. मग त्या माझ्याशी बोलल्या ते चालतं का, असं मी विचारलं, तर तो संध्येला बसला. तो वेदपाठशाळेत शिकवतो. अडचणीच्या प्रश्नांच्या वेळी त्याला संध्या बरोब्बर आठवते.

रामघाटाजवळच्या या घरात मी लग्न होऊन आले त्याला सव्वीस वर्षं झाली. मुलींच्या शाळेत गणित शिकवते. पुढचं वर्षभर जो भेटेल तो मला मुक्तीचं सांगत होता. दूधवाल्यानेसुद्धा सांगितलं, "बाबा सब देख रहे हैं, बहनजी." बघत असतील तर गाठ आली तेव्हा काय करत होते, हे मी त्याला विचारलं नाही, कारण दूध रोज लागतं. पण आत संताप साठत होता. मला मुक्ती नको होती. मला नववीचं वर्तुळाचं प्रकरण संपवायचं होतं.

ऑपरेशनमध्ये स्तन काढला. काखेतल्या गाठीही काढल्या, म्हणून डाव्या हातात बांगड्या घालायच्या नाहीत, हात सुजतो. औषधं चढवायला उजव्या खांद्याखाली कातडीच्या आत एक डबी बसवली होती, तिच्यावर मंगळसूत्र घासायचं, तेही काढलं. मग केस गेले. उशीवर पुंजके बघायचा कंटाळा आला तेव्हा नवऱ्यालाच मशीन फिरवायला सांगितलं. त्याने मन लावून फिरवलं, आपल्या विद्यार्थ्यांसारखी मागे शेंडी मात्र ठेवली नाही. तर डॉक्टरांनी एकेक करून सवाष्णपणाच्या सगळ्या खुणा काढून घेतल्या, नवरा तेवढा ठेवला.

थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे माझ्या वहिनींना, हे बघवेना. त्या वाईट नाहीत. हॉस्पिटलच्या दिवसांत डबा त्यांचाच यायचा. पण केस गेल्यापासून त्या माझ्या तोंडाकडे बघून बोलत नसत. बोलायच्या ते माझ्या मागच्या भिंतीशी. "पदर घे गं डोक्यावरून," एवढंच सारखं. जूनमध्ये, बनारसच्या उकाड्यात, पदर! मी घेतला नाही.

त्याच महिन्यात त्यांच्या मुलाचं लग्न झालं. घरात सून आली की आमच्याकडे बोडण भरतात. मोठ्या परातीत अन्नपूर्णेची मूर्ती ठेवायची, भोवती चार सवाष्णी आणि एक कुमारिका बसायची, आणि पुरणपोळ्या, दूध, दही, तूप, मध सगळं हातांनी कालवायचं. पुरुषांनी बघायचंही नाही. या घरातल्या प्रत्येक बोडणात माझा हात होता. या वेळी चार म्हणजे वहिनी, नवी सून, शेजारच्या काकू आणि मी, असं मी धरून चालले होते.

आदल्या दिवशी वहिनी म्हणाल्या, "तुला डॉक्टरांनी गर्दीत जाऊ नको सांगितलंय ना. मी दुसरी सवाष्ण सांगितलीय."

बरोबर, सांगितलं होतं. पण आठच दिवसांपूर्वी मंगला गौरीच्या गल्लीतल्या बाजारातून खण आणायला त्यांनी मलाच धाडलं होतं, तेव्हा गर्दी आठवली नाही. मी भांडले नाही. खोलीत जाऊन वह्या तपासत बसले आणि तीन मुलींना विनाकारण कमी मार्क दिले. मला रडू येत होतं आणि त्याचाच जास्त राग येत होता. देवावर माझा फारसा विश्वास नाही. पण त्या परातीत हात असणं म्हणजे या घरातल्या जित्या बायकांत मोजलं जाणं होतं, आणि मला मोजणीतून वगळलं होतं.

दुसऱ्या दिवशी पाणी प्यायला म्हणून खाली उतरले. खरं तर बघायलाच उतरले. दारात उभी राहिले, उघड्या डोक्याने. चौथी सवाष्ण होती नुकत्याच बदलून आलेल्या बँकेच्या साहेबांची बायको. तिने मला नखशिखान्त पाहिलं आणि वहिनींच्या कानाशी लागली. कुजबुज तिला जमत नव्हती.

"ह्या सोवळ्या आहेत का? तुमच्याकडे विधवांचे केस अजून काढतात?"

तिचा तरी काय दोष? गाव काशी, घर वैदिकांचं, बाई मराठी, डोकं तुळतुळीत, गळा मोकळा. बेरीज तिने बरोबर केली होती, उत्तर तेवढं चुकलं. ते उत्तर वहिनींनी खोडायचं होतं. एका वाक्याचं काम. वहिनींनी परातीकडे बघत सुनेला सांगितलं, "दही पुढे कर."

मग माझं डोकं फिरलं.

"माझा नवरा दोन घरं सोडून पाठशाळेत आहे," मी म्हटलं. "कान द्या, इथवर ऐकू येतो. एवढा घसा मेलेल्या माणसाला नसतो."

खरोखरच त्याचा आवाज येत होता. बँकेच्या बाई लाल झाल्या आणि सरकल्या. मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"पाच होतील गं," वहिनी पुटपुटल्या.

"मग एकीला उठवा."

कोणी उठलं नाही. "तुझा हात सुजतो ना," वहिनी म्हणाल्या. "डावा सुजतो," मी म्हटलं आणि उजवा मनगटापर्यंत परातीत घातला. पोळ्या गार होत्या, दही आंबट. नव्या सुनेची बोटं माझ्या बोटांना लागली, तिने काढून घेतली नाहीत.

बोडणात कुमारिकेला विचारतात, काय हवं. ती मागेल ते घालायचं, ती पुरे म्हणेपर्यंत. काकूंची नात कुमारिका होती, सहा वर्षांची, घरात मराठी आणि तोंडात हिंदी. तिने दूध मागितलं. मग तूप. मग साखर. परात काठोकाठ आली.

"पुरे ना गं आता?" वहिनींनी विचारलं.

पोरीने परातीत नीट वाकून पाहिलं. "नहीं," ती म्हणाली. "और."

सगळ्या हसल्या. मला हसता येईना. वर्षभर सगळं गाव मला पुरे कसं म्हणावं ते शिकवत होतं, आणि ही चिमुरडी भरलेल्या परातीपुढे बसून आणखी मागत होती.

"घाला, वहिनी," मी म्हटलं.

त्यांनी दुधाचं भांडं उचललं आणि थांबल्या. केस गेल्यापासून पहिल्यांदा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं.

"आणि तुला?"

"मलाही," मी म्हटलं. "पुष्कळ."

त्यांनी भांडं माझ्या हातावर उपडं केलं. दूध परातीबाहेर सांडलं, कोणी पुसलं नाही. याला आता दोन वर्षं झाली. त्या दहीवाल्या वाक्याबद्दल मी वहिनींना अजून माफ केलेलं नाही. सावकाश करीन. मला वेळ आहे.