एकाच देवाचा माणूस

देवाला मानणारे आमच्या गडचांदूरात पुष्कळ आहेत. पण देवाला आमच्या शेजारच्या काटेवाल्या भाऊंइतकं घाबरणारा, आणि त्या घाबरण्यात शेजाऱ्याचाही जीव खाणारा दुसरा माणूस सापडायचा नाही. भाऊ सिमेंट कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रक मोजतात. एका मोठ्या दुखण्यातून उठले, बाप्तिस्मा घेतला आणि शास्त्रातली पहिली आज्ञा अगदी किलोपर्यंत पाळायला निघाले: देव एकच, दुसऱ्या कुणापुढे मान वाकवायची नाही. घोळ तिथूनच सुरू झाला. आमच्याकडे घरून बसस्टँडपर्यंत जायचं तरी वाटेत चार देव लागतात.

मारुतीच्या पारासमोर एकदा बुटाची नाडी सुटली म्हणून भाऊ वाकले, आणि घरी येऊन त्यांनी बूटच देऊन टाकले. तेव्हापासून बारा महिने चप्पल. ऑटोत समोर गणपती होता, पुढ्यात म्हैस आली, तर दुसऱ्या दिवशी सकाळीच माझ्या दारात हजर. "गुरुजी, ब्रेक त्यानं मारला, मान माही झुकली. हे धरते का नाई?" आता हे मला शाळामास्तराला काय ठाऊक! पण मी बौद्ध. देवदेवतांना न पूजण्याच्या प्रतिज्ञा आमच्याही आहेत, म्हणून भाऊ मला या खात्यातला सीनियर समजतात. सत्यनारायणाचा शिरा मात्र त्यांनी माझ्या देखत दोनदा घेतला. "शिरा म्हून खाल्ला, परसाद म्हून नाई," म्हणाले. दुसऱ्या वेळी तर मी काही विचारलंही नव्हतं.

दसऱ्याला तर कहरच झाला. कारखान्यातल्या पोरांनी काट्याच्या मशीनला हार घातला, कुंकू लावलं. मशीन बुटक्या टेबलावर, आकडा वाचायचा तर वाकावंच लागतं. भाऊ ताठ उभे राहून, नुसते डोळे खाली करून आकडे वाचायला लागले. बाहेर ट्रकांची रांग पार नाक्यापर्यंत, ड्रायव्हर शिव्या घालताहेत, आणि हे आपले खांबासारखे उभे! शेवटी साहेबांनी वैतागून मशीनखाली सहा विटा रचल्या.

हसण्यावारी नेण्यासारखं होतं तोवर मी हसलो. मग त्यांच्या मायचे गुडघे गेले. माय जुन्याच देवांची. दर चैत्रात चंद्रपूरला महाकालीच्या यात्रेला जाणारी. यंदा म्हणाली, "बाबू, मले एक डाव ने. पुढच्या सालाचं काई खरं नाई." सुनेच्या हाताचा तिला भरवसा नाही, धरीन तर लेकाचाच दंड धरीन. भाऊ माझ्या ओट्यावर येऊन बसले ते रडकुंडीलाच आले होते. "पयली आज्ञा म्हनते दुसऱ्यापुढं वाकू नोको, पाचवी म्हनते मायबापाचा आदर कर. कोनती आधी, गुरुजी? ज्यानं मले मरनातून काढलं त्याले तोंड काय दाखवू? अन् माय अशीच गेली तं तिले काय सांगू?" पाळकसाहेबांना विचारलं तर ते म्हणाले प्रार्थना करा. ती करून झाली होती.

आठवड्याभरानं ते शास्त्र काखेत मारून धावत आले. त्यात एक सेनापती सापडला होता. त्याचं कोड बरं झालं, त्यानं एकाच देवाची शपथ घेतली; पण त्याचा राजा त्याच्या हातावर टेकून भलत्याच देवळात वाकायचा, मग यालाही वाकावं लागायचं. याची मला माफी मिळेल का, असं त्यानं संदेष्ट्याला विचारलं, आणि संदेष्टा म्हणाला, शांतीनं जा. "म्हंजे हो म्हटलं का नाई म्हटलं, गुरुजी?" आम्ही दोघांनी तेवढाच मजकूर पाच वेळा वाचला. काही कळेना. मी म्हटलं, "भाऊ, निदान जा तरी म्हटलंय."

गेलो. एका बाजूनं भाऊ, दुसऱ्या बाजूनं मी. गाभाऱ्यासमोर माय वाकली ती सगळा भार आमच्यावर टाकून. सोडलं तर पडेल. भाऊ वाकले, डोळे गच्च मिटून, ओठ हलताहेत. त्यांच्याबरोबर मीही वाकलो, माझ्या प्रतिज्ञांसकट. कुणाला काय वाटलं असेल देव जाणे!

बाहेर सावलीत तिला बसवलं. भाऊंचा चेहरा पांढराफटक. त्यांनी हळूच विचारलं, "माय, काय मांगतलं व?"

"तुह्याचसाठी मांगतलं," माय म्हणाली. "महाकाली मायले म्हटलं, माह्या लेकराले एकच देव हाये. तो रागावला तं याले दुसरा कोनी नाई. तवा तू ध्यान ठेव."

भाऊ तिचे पाय चेपत बसले.

माय पावसाळ्यात गेली. ते वाकणं धरलं गेलं की नाही, हे भाऊ अजून अधूनमधून विचारतात. मला अजून सांगता येत नाही. आता त्यांच्या घरात खरोखरच एकच देव उरला आहे, आणि त्यांच्यासाठी दुसरीकडे कुठे शब्द टाकणारं कुणी राहिलेलं नाही. फार वाटतं, आपण टाकावा. पण माझी तर कुठेच ओळख नाही.