रक्तातला चढा आकडा

काष्टीच्या शनिवारच्या बैलबाजारात सहादेव दलालाचं सगळं बोलणं उपरण्याखाली चालायचं. घेणाऱ्याचा हात हातात घ्यायचा, वर उपरणं टाकायचं आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बघणाऱ्याला वाटावं, दोन म्हातारे हात शेकत बसलेत. चाळीस वर्षं त्याला एवढंच ठाऊक, की आकडा चढला म्हणजे दिवस सोन्याचा.

म्हणून बायपास झाल्यावर चौथ्या दिवशी नगरच्या दवाखान्यात डॉक्टर रोहिणी कागद बघत म्हणाल्या, "बाबा, तुमच्या रक्तातला आकडा बराच चढलाय," तेव्हा गडी फुलला. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला विचारलं, "तुमचा किती?" त्याचा कमी निघाला. "व्हईल, व्हईल. खाऊनपिऊन ऱ्हावा."

"अवो, चढलाय म्हंजी वाईट हाय," बायको आक्काबाई दबक्या आवाजात म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी स्टूल ओढलं. "ऑपरेशननंतर आत सूज येते, तिचा माग रक्तात लागतो. आकडा असा चढला की पुढं हृदयाचा ठोका बिघडायची भीती जास्त. बिघडेलच असं नाही. पण बिघडला आणि तसाच राहिला तर हृदयात गुठळी होऊन डोक्यात जाऊ शकते. छातीत काही वेगळं वाटलं की लगेच सांगा. शुक्रवारपर्यंत सगळं सरळ राहिलं तर घरी सोडते."

सहादेवानं त्यातलं 'शुक्रवार' आणि 'घरी' एवढंच उचललं. कर्जतच्या छगनची खिलारी बैलजोडी शनिवारी त्याच्या हातून विकायची होती, तसा शब्द दिलेला.

"या अंगानं बाजारात जाताय व्हय?" आक्काबाई म्हणाली.

"जीपमधी बसून नुसता हात भाईर काढीन. सौद्याला हात लागतो, छाती कुठं लागती?"

गुरुवारी दुपारी अंग पुसायला सिस्टरनं छातीवरच्या तारा काढल्या आणि पुसून झाल्यावर ती नव्या चिकटपट्ट्या आणायला गेली. तेवढ्यात आतलं बिनसलं. बुजलेल्या खोंडागत दोन पावलं, एक उडी, मधेच उभं राहणं, मग लागोपाठ तीन उड्या. सहादेवाला कळलं. त्यानं चादर गळ्यापर्यंत ओढली आणि पंख्याकडं बघत पडून राहिला.

मोसंबी सोलता सोलता आक्काबाई थांबली.

"घाम का आलाय?"

"उकडतंय."

"मग चादर का घेतली?"

तिनं चादरीखाली हात घातला. सहादेवानं तिची बोटं घट्ट दाबली, एकदा, दोनदा: सगळं ठीक, सौदा पक्का. बाजारात या दाबावर भले भले फसलेले. पण आक्काबाईनं त्याच्या बोटांकडं लक्षच दिलं नाही. तिचा हात वर सरकला, मनगटावर थांबला आणि बराच वेळ तिथंच राहिला.

"सिस्टर," तिनं दाराकडं बघत हाक मारली, "तारा लावा आधी. आन् बाईंना बोलवा."

तारा लागल्या तर मॉनिटरच्या पडद्यावरची रेघ वेडीवाकडी नाचत होती. डॉक्टरीणबाईंनी सलाईनमधून औषध सुरू केलं आणि मुक्काम आणखी चार दिवस वाढवला. "लवकर कळलं ते बरं झालं, मावशी."

आक्काबाईनं मोसंबीचे हात पदराला पुसले आणि फोन लावला. "छगनभाऊ, शनवारी ते येत न्हाईत. बैलं घरीच बांधा."

"मला इचारलं बी न्हाईस," सहादेव पुटपुटला.

"इचारलं की. मनगटाला."