चौघांचा पासवर्ड

त्या घरातला कॉम्प्युटर सुरू करायला चार माणसं लागायची. ऐकणारे हसायचे, आणि त्यांचं काही चुकत नव्हतं.

कॉम्प्युटर घरात एकच, हॉलमध्ये खिडकीशेजारच्या टेबलावर. मुळात तो आईचा, तिच्या कामाचा. ती घरी बसून छापखान्यांसाठी पुस्तकं जुळवायची. मजकूर टाइप करायचा, पानं लावायची, आकृत्या बसवायच्या आणि प्रूफं परत आली की लाल शाईने दाखवलेल्या चुका एकेक करून काढायच्या. पण घरातली वस्तू एकाच माणसाची राहिली आहे असं कधी झालंय? थोरल्याला गेम हवे, धाकटीला सिनेमे हवे, आणि एकदा या ओढाताणीत आईचं अख्खं व्याकरणाचं पुस्तक पुसलं गेलं. कुणाच्या हातून, ते आजतागायत कुणी कबूल केलेलं नाही. त्यानंतर आई पासवर्ड बदलत राहिली आणि मुलं तो शोधत राहिली. शोधायचं तरी काय म्हणा, ती बिचारी दर वेळी त्यांचेच वाढदिवस उलटेसुलटे करून टाकायची.

शेवटी तिच्या नवऱ्याने प्रकरण हातात घेतलं. ते बँकेत कॅशियर होते, तिजोरीवर. तिजोरी एका किल्लीने उघडत नाही. दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात आणि दोघं हजर असतील तरच दार उघडतं. जगातल्या तमाम भांडणांवर हाच उतारा आहे असं कॅशियरसाहेबांचं प्रामाणिक मत होतं. त्यांनी यंत्र सुरू होतानाच विचारला जाणारा पासवर्ड घातला आणि त्याचे चार तुकडे केले. आधी बाबा, मग आई, मग थोरला, मग धाकटी. ज्याचा तुकडा त्यानेच टाकायचा, तोवर बाकीच्यांनी भिंतीकडे तोंड करायचं. तुकडा कुठे लिहायचा नाही, कुणाला सांगायचा नाही.

"सांगितला म्हणजे किल्ली सोपवली," ते म्हणाले. "आमच्याकडे बदली झालेला माणूस किल्ली सोपवून जातो. मग त्याचा शाखेशी संबंध संपला."

झालं. रोज सकाळी चहाचे कप हातात घेऊन तिघं भिंतीकडे तोंड करून उभे, आणि चौथा टकटक करतोय. शेजारीण एकदा साखर मागायला आली आणि हे दृश्य बघून तशीच परत गेली. आई वरवर कुरकुर करायची, पण तिला ते मनापासून आवडायचं. नाहीतर चौघं एका जागी कधी सापडत होते?

आता या आईबद्दल थोडं सांगायला हवं. धाकटीने तिचं नाव वेधशाळा ठेवलं होतं, कारण आभाळ निरभ्र असलं तरी हिचा अंदाज वादळाचाच. गॅस बंद केला का म्हणून ती अर्ध्या जिन्यातून परत यायची. कुणाला घरी यायला उशीर झाला की आधी अपघात, मग दवाखाना, मग रक्ताचा गट इथपर्यंत तिचं मन पोचलेलं असायचं, आणि तेवढ्यात माणूस दारात चप्पल काढत असायचा. ती कधी रागावायची नाही. फक्त धास्तावायची, आणि ते रागावण्यापेक्षा घरच्यांना जड जायचं.

आणि मग एकदा खरंच वादळ आलं, तेव्हा तिच्या अंदाजात ते नव्हतं. थोरल्याने इंजिनिअरिंग शेवटच्या वर्षाला सोडलं आणि एका लिफ्ट बसवणाऱ्या कंपनीत कामाला लागला. बापलेकांची जुंपली. दोघांचे आवाज चढले, आणि कॅशियरसाहेब नको ते बोलून गेले. म्हणाले, "जा. तुझ्यावाचून या घराचं काही अडत नाही." पोरगं गेलं. लांब नाही, शहराच्या दुसऱ्या टोकाला. पण गेलं ते गेलं. धाकटीला अधूनमधून त्याचा मेसेज यायचा, आईच्या फोनवर 'बरा आहे' एवढंच.

तो गेला त्या दिवशी कॉम्प्युटर सुरू होता. सकाळी त्यानेच आपला तुकडा टाकला होता. आईने त्या दिवसापासून कॉम्प्युटर बंदच केला नाही.

कामाची घाई आहे, असं ती सांगायची. खरं कारण तिने कुणाला सांगितलं नव्हतं. यंत्र बंद पडलं तर थोरल्याला तुकडा विचारावा लागेल, आणि विचारलं तर तो काय म्हणेल याची तिला भीती होती. "देत नाही" म्हणाला तर संपलं. आणि "लिहून घे" म्हणाला तर? ते जास्त वाईट. म्हणजे त्याने किल्ली सोपवली. यंत्र चालू होतं तोवर काही विचारायची गरज नव्हती, आणि न विचारलेल्या प्रश्नाला नकार कसा येणार?

म्हणून ती त्या यंत्राला एखाद्या आजाऱ्यासारखी जपत होती. 'पुन्हा सुरू करायचं का?' अशी पाटी पडद्यावर आली की 'नंतर'. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाटी, पुन्हा 'नंतर'. टेबलाखालच्या यूपीएसची बॅटरी म्हातारी झाली होती, दिवे गेले की नुसती कण्हायची. ती बदलायला माणूस आला, तर म्हणाला, "आधी कॉम्प्युटर बंद करा." आईने त्याला पाणी दिलं, चहा दिला आणि तसंच परत पाठवलं. वीज गेल्यावर यंत्र चालू राहावं म्हणून आणलेली बॅटरी यंत्र बंद करावं लागेल म्हणून बदलायची नाही, हा हिशेब फक्त त्याच घरात जमू शकतो.

व्हायचं ते झालंच. सकाळची वेळ होती. भूमितीचं पुस्तक होतं, शाळेचं. आठवडाभर खपून तिने आकृत्या दुरुस्त केल्या होत्या आणि संध्याकाळपर्यंत फाइल छापखान्यात जायची होती. वीज गेली. यूपीएस चीं चीं करायला लागला. आईने घाईघाईने काम सेव्ह केलं आणि हात जोडल्यासारखे छातीशी धरून ती पडद्याकडे बघत बसली. यूपीएसने शेवटचा सूर काढला आणि पडदा काळा झाला. पुढे वीज आली, पंखा फिरला, फ्रिज घुरघुरला, आणि काळ्या पडद्यावर पांढरी चौकट उमटली. पासवर्ड.

दुरुस्तीवाला आला आणि मान हलवून गेला. "सगळी डिस्कच कुलूपबंद आहे, ताई. पुसून नवीन करून देतो, पण आतलं काही मिळणार नाही. पासवर्ड लिहिला नाहीत कुठे?"

"आमच्याकडे लिहीत नाहीत," आई म्हणाली.

छापखान्याचे मालक दुपारपासून फोन करत होते. "बाई, छपाईचं यंत्र मोकळं ठेवलंय हो तुमच्यासाठी!" ती "पाठवते, पाठवते" म्हणाली आणि तिने फोन ठेवला. कॅशियरसाहेब त्या दिवशी सुट्टीवर होते. पेपर समोर धरून बसले होते, पण पान उलटत नव्हते.

"अहो, त्याला फोन करावा लागेल," ती म्हणाली.

"कर की. मी कुठे अडवलंय?"

"तुम्ही करता?"

पेपर थोडा वर सरकला. आईने ओळखलं, हे ओझं आपल्यालाच उचलायचं आहे. ती फोन घेऊन स्वयंपाकघरात गेली, नळ गळत होता तो घट्ट केला, ओटा पुसला, पुन्हा पुसला आणि नंबर लावला.

तिकडे घणघण आवाज येत होता. "आई? काय झालं? बाबा बरे आहेत ना?"

"सगळे बरे आहेत रे. कॉम्प्युटर बंद पडला. वीज गेली. माझं काम आत अडकलंय."

पलीकडे तो म्हणाला, "आई, अगं, तो तुकडा ना—"

"सांगू नकोस!" ती इतक्या जोरात ओरडली की हॉलमधून धाकटी धावत आली. "फोनवर सांगायचा नाही. मी ऐकणार नाही. तू येऊन टाक."

"अगं पण ऐक तरी—"

"नाही ऐकायचं मला. येतोस का तेवढं सांग."

घणघण चालूच होती.

"येतो," तो म्हणाला. "काम सुटल्यावर."

मग ती वाट बघत राहिली, आणि वेधशाळेचं सगळं कामकाज जोरात सुरू झालं. तो नुसतं म्हणाला असेल. त्याला मुकादम सोडणार नाही. आला तरी बाबा दारातच काहीतरी बोलतील आणि तो उलट्या पावली जाईल. मध्ये छापखान्याचा फोन वाजला, तो तिने उचललाच नाही. फाइलची काळजी कधीच मागे पडली होती, आणि हे तिचं तिला कळत होतं.

तो आला तेव्हा अजून उजेड होता. बारीक झाला होता. कोपरापर्यंत ग्रीसचे डाग, हातात हेल्मेट. बापलेकांनी एकमेकांकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं.

"बसा," कॅशियरसाहेब कुणालाच उद्देशून म्हणाले, आणि स्वतःच खुर्चीत बसून आपला तुकडा टाकायला लागले. मग आईने टाकला. मग थोरला बसला. तिघं भिंतीकडे वळले. टकटक झाली. धाकटीने आपला टाकून एंटर दाबलं.

चूक.

"तुझं बोट घसरलं असेल," बाबा धाकटीला म्हणाले.

"माझंच का नेहमी?"

आईला वाटलं, आपलंच चुकलं. इतक्या दिवसांत टाकलाच नाही, शेवटचा आकडा नक्की तोच होता ना? पुन्हा चौघांनी टाकला. या वेळी थोरल्याची टकटक मध्येच थांबली, पुन्हा सुरू झाली.

चूक.

थोरला खुर्चीतून उठला नाही. मांडीवर हात ठेवून तो त्या पांढऱ्या चौकटीकडे बघत होता.

"आई, मला आठवत नाहीये," तो म्हणाला. "फोनवर तेच सांगत होतो. विसरलोय मी तो."

"मग आलास कशाला इतक्या लांब?" धाकटी म्हणाली.

"ती ये म्हणाली ना."

आई मटकन सोफ्यावर बसली. दिवसभर ती दोनच उत्तरांना घाबरत होती, आणि पोराने तिसरंच आणलं होतं. आठवडाभराचं काम गेलं होतं. लाल शाईची प्रूफं घेऊन पहिल्यापासून बसावं लागणार होतं. तिला रडू यायला हवं होतं, आणि ते आलंही, पण भूमितीसाठी नव्हे.

कॅशियरसाहेब घसा खाकरत खिडकीपर्यंत गेले आणि परत आले. "मग पुसायलाच लागणार सगळं," ते म्हणाले. "उद्या बोलावतो त्या माणसाला." मग थोरल्याच्या हेल्मेटकडे बघत म्हणाले, "सकाळी येईल तो. नवीन घालताना चौघंही हजर लागतील. तू राहा आज."

"कामावर लवकर जायचंय, बाबा."

"मग त्याला लवकर बोलावतो."

थोरल्याने मान डोलावली आणि तो हात धुवायला गेला. नळाखाली बराच वेळ पाणी वाहत राहिलं. आज आई "पाणी बंद कर" म्हणाली नाही.

तेवढ्यात छापखान्याचा फोन पुन्हा वाजला. या वेळी तिने उचलला.

"बाई, येतेय ना फाइल? की झालंय तरी काय तुमच्याकडे?"

"थोरला घरी आलाय," आई म्हणाली.