सरावाच्या लिफ्टमधलं माणूस

लिफ्ट-दुरुस्तीच्या आमच्या वर्गात पहिला नंबर माझाच! म्हणजे वयात. परीक्षेत शेवटून पहिला. शाळा सातवीपर्यंत, आणि इंग्रजी बिशान भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये नातवंडांनी शिकवलेलं. सिंगापुरातलं ते कॉलेज शनिवारी दुपारी मोठ्या माणसांना हातातलं काम शिकवायचं. लिफ्टच्या खड्ड्यात धूळ साचते, तसे तिथे किस्से साचायचे.

*

सरावाची लिफ्ट जुन्या इमारतीतून काढून आणलेली. दोनच मजले चढायची. चिन्यांचा सातवा महिना, म्हणजे त्यांचा पितृपक्ष, लागला की आमचे शिक्षक लिम सर रिकाम्या लिफ्टला "एक्स्क्यूज मी" म्हणून मगच आत पाय ठेवायचे.

"सर, आत कोण?" मी विचारलं.

"अंकल, दिसत नाही म्हणजे रिकामी, असं नसतं लाह."

त्यांच्या वाक्याला ते सिंगापुरी "लाह"चं शेपूट असायचंच. मी पोट धरून हसलो.

*

एकदा आत बसून मी इंटरकॉमवर कण्हलो. वर्ग पळाला. सतीश तेवढा पळाला नाही. तांजोंग पगार नावाच्या भागातल्या बँकेतला मॅनेजर, पन्नाशीत नोकरी गेलेली. वर्गात शिकवल्याप्रमाणे त्याने इंटरकॉमचा फोन कानाला लावला. "घाबरू नका. दारापासून लांब उभे राहा. मी आहे."

"मॅनेजरसाहेब, भुतालाही कस्टमर सर्व्हिस?" मी बाहेर येत विचारलं.

"काका, हे जमलं तर नोकरी. नाहीतर फ्लॅट विकून पुण्याला."

*

पुढच्या शनिवारी मेन स्विच बंद असताना लिफ्ट वर गेली. सगळे ओरडले, "काका, पुरे!"

त्या दिवशी मी काहीच केलं नव्हतं. पण माझं ऐकणार कोण?

*

सतीशची परीक्षा. अडकलेल्या माणसाला धीर द्यायचा, लिफ्ट हाताने खाली आणायची, दार उघडायचं. अडकलेला माणूस मी. नोकरी देणाऱ्या कंपनीचे साहेब वर मशीनपाशी, त्यांना खालचं फक्त ऐकू येणार. मी आत गेलोच नाही. कपाटामागे लपलो. बँकवाला रिकाम्या डब्याची समजूत काढताना बघायचा होता.

सतीश फोनवर बोलायचा, थांबायचा, ऐकायचा, पुन्हा हळू आवाजात बोलायचा. लिफ्ट अलगद खाली आली. दार उघडून तो वाट देतात तसा बाजूला सरकला. लिम सरही सरकले.

वरून साहेब म्हणाले, "अगदी शांतपणे केलंत. सोमवारी जॉइन व्हा."

मी टाळ्या पिटत बाहेर आलो. "अरे, मी आत नव्हतोच!"

सतीश हत्यारं पुसत होता. "माहीत आहे, काका. कपाटाखालून तुमचे बूट दिसत होते. पण आतली बाई रडत होती. तिला तशीच टाकून कसा जाणार होतो?"