घरातली एकमेव नागरिक

मेलबर्नच्या दुसऱ्या लॉकडाऊनमध्ये आमच्या ग्लेन वेव्हर्लीच्या घरात माझ्या मुलीचं राज्य आलं. शाळा लॅपटॉपवर भरत होती आणि बाईंनी गृहपाठ दिला होता: आठवडाभर घर प्राचीन अथेन्ससारखं चालवा. तिथे मत फक्त नागरिकांना होतं. मुलगी इथेच जन्मली, दहा वर्षांची झाली आणि कायद्याने आपोआप नागरिक झाली. मी आणि नवरा मात्र शिकायला आल्यापासून एका तात्पुरत्या व्हिसावरून दुसऱ्यावर. आम्ही ‘मेटिक’, म्हणजे शहरात राहणारे परके, असं तिने जाहीर केलं. काम करायचं, कर भरायचा, मत द्यायचं नाही. मग फरक काय पडला, असं म्हणून नवरा भांडी घासायला गेला.

अथेन्समध्ये बायकांनाही मत नव्हतं, हे मी तिला ऐकवलं. ती त्यांची चूक होती, एवढं बोलून तिने विषय संपवला.

सभा रोज जेवणानंतर भरायची. सभासद एकच, त्यामुळे वेळेवर भरायची. पहिले दोन दिवस भेंडीवर बंदी वगैरे ठराव झाले. तिसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. आई बाथरूममध्ये पडली होती, खुबा मोडला होता, ऑपरेशन करायचं होतं. मला जाता आलं असतं. परत येता आलं नसतं. सीमा बंद होत्या आणि आमच्यासारख्यांना कधी आत घेतील ते कुणालाच माहीत नव्हतं. दोन दिवस मी नवऱ्यावर आणि कुकरवर चिडत राहिले. शेवटी विषय सभेपुढे मांडला. सांगायला लाज वाटते, पण कुणीतरी दुसऱ्याने ठरवावं असं मला वाटत होतं.

तिने गृहपाठाचे कागद चाळले. चांगलं काम केलेल्या मेटिकला सभा नागरिक करू शकायची, असं त्यात होतं.

“मम, यू आर अ सिटिझन नाऊ,” ती म्हणाली. “आता तू पण व्होट कर. जायचं असेल तर हात वर.”

तिचे दोन्ही हात टेबलाची कड घट्ट धरून होते. इतकी वर्षं मी या देशात मत द्यायची वाट बघत होते. हात वर गेला नाही.

मग मी आईला फोन लावला. यायचं खूप आहे गं, पण सरकार सोडत नाहीये, असं सांगितलं. सरकार माझ्या मांडीवर डोकं ठेवून ऐकत होतं.