वैरागपर्यंतची गाडी

माजिदा मुलाणी फोनचा स्क्रू काढला की ओठांत धरायची आणि तशीच बोलायची. चहा आला की आधी फोनांपासून लांब सरकवायची, मग विसरायची, मग गार झालेला एका घोटात संपवायची. हसू आलं की ओढणी तोंडावर घ्यायची. आवाज मात्र रस्त्यापर्यंत जायचा. गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे बघण्याआधी ती त्याच्या हातातल्या फोनकडे बघायची. आणि कुणी गेमची तक्रार घेऊन आलं, तर तिचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा.

"व्हर्जन बोल."

सोलापुरातल्या कुमठा नाक्याजवळ तिच्या भावाचं, तौसिफचं, मोबाईलचं दुकान. पुढे तौसिफ कव्हरं आणि चार्जर विकायचा. मागे, पत्र्याच्या आडोशाला, माजिदा दुरुस्ती करायची. तिचा जुना कॉम्प्युटरही तिथेच होता. उत्कर्षा पहिल्यांदा गेली ती चार्जिंग होत नसलेला फोन घेऊन. ती मोडनिंबची. सोलापुरात मराठीत एम.ए. करून एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती. फोन लगेच दुरुस्त झाला. उत्कर्षा दिवे लागेपर्यंत स्टुलावरच बसून राहिली. पुढे बसायला कारण लागलं नाही. माजिदा तिला "ओ साहित्यिक" म्हणायची आणि चहा मागवायची.

बस चालवायचा एक गेम होता. अर्ध्या गावाच्या फोनात तो होता. मूळ गेममध्ये परदेशातले रस्ते आणि चकचकीत गाड्या. पण कुठल्या कुठल्या हौशी लोकांनी त्यासाठी आपली लाल एसटी बनवली होती, तिचा हॉर्न, आपल्याकडचे रस्तेसुद्धा. अशा बाहेरून घातलेल्या गोष्टीला मॉड म्हणतात, हे उत्कर्षाला तिथे कळलं. पंचाईत एवढीच, की कंपनी अधूनमधून गेमची नवी आवृत्ती काढते आणि जुना मॉड तिच्यात चालत नाही. गाडी डांबरात रुतते, नाहीतर झाडांच्या वरून तरंगत जाते.

"तुझ्या मापाचं ब्लाऊज माझ्या अंगात शिरंल का?" माजिदा म्हणाली होती. "तसंच हाय की हे."

पोरं कुठूनही काहीही उतरवून घ्यायची आणि बंद पडलेला गेम घेऊन तिच्याकडे यायची. तिच्याकडे गेमची प्रत्येक आवृत्ती जपलेली होती आणि प्रत्येकीबरोबर तिच्यात चालणारे मॉड. पण फोल्डरांना तिने आकडे दिले नव्हते. माणसांची नावं दिली होती. ज्याच्या फोनात ती आवृत्ती अजून चालते, त्याचं नाव. एक फोल्डर 'तिप्पण्णा', एक 'राहत'. आकडे डोक्यातून जातात, माणूस जात नाही, असं तिचं म्हणणं.

उत्कर्षाने एकदा विचारलं, नवी आवृत्ती आल्यावर जुन्या कशाला साठवायच्या?

"तिप्पण्णानं नवा फोन घेतला?"

"नाही."

"मग त्याला घराबाहेर काढू का?"

'मामा' या नावाचं फोल्डर सिद्धराम ड्रायव्हरांचं होतं. त्यांची उभी नोकरी सोलापूर-बार्शी रस्त्यावर गेली. निवृत्तीनंतर अर्धांगाचा झटका आला. पाय सुधारला, डावा हात मात्र लुळाच राहिला. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला. रबरी चेंडू दाबायला दिला. मामांनी चेंडू कोनाड्यात ठेवून दिला. मग कुणीतरी त्यांना टॅबवर हा गेम दाखवला. टॅब दोन्ही हातांत धरून कलवला की गाडी वळते. माजिदाने त्यात सोलापूर-बार्शीचा मॉड घातला. तो बनवणारा कोण होता ते कुणालाच माहीत नव्हतं; इंटरनेटवरून तो केव्हाच नाहीसा झाला होता. मामा रोज संध्याकाळी बार्शीची फेरी करू लागले. दुसरा कुठलाही रस्ता दिला की टॅब खाली ठेवत. या रस्त्यावर मात्र डावा हात आपोआप वर यायचा.

बघता बघता माजिदाच्या एक गोष्ट लक्षात आली. वाटेतल्या वडाळा गावाजवळ मोकळ्या रस्त्यात मामा ब्रेक दाबायचे. तिने विचारलं, तर म्हणाले, तिथं गतिरोधक हाय. मॉडमध्ये तो नव्हता. खऱ्या रस्त्यावर होता.

एक दिवस टॅबवर सूचना आली, गेम अद्ययावत करा. मामांनी केला. आयुष्यभर डेपोतल्या फळ्यावर जी सूचना लागेल ती त्यांनी पाळली होती, हीसुद्धा पाळली. बार्शीचा रस्ता गेला. माजिदाने ती आवृत्ती काढून 'मामा'मधली परत बसवली आणि त्यांना बजावलं, "मामा, हितनं पुढं कुणाचं ऐकायचं न्हाई. माझंच ऐकायचं." मामा ओशाळले. पण टॅबच थकला होता. दिवाळीनंतर त्याची बॅटरी फुगली आणि तो कायमचा बंद पडला. मुलाने नवा आणून दिला, तर तो जुनी आवृत्ती घेईना.

थोड्याच दिवसांत मामांची बायको, अक्कम्मा, दुकानात आल्या. पदराने कपाळ पुसत म्हणाल्या, "त्यांचं हात परत मांडीवर पडलंय बघ माजिदा. जेवताना बी उचलंनात."

माजिदाने ओठांतला स्क्रू काढून ठेवला. मग म्हणाली, "करते मी, मामी."

तिने नवं फोल्डर केलं, 'मामा नवा'. जुना रस्ता उचलून नव्या आवृत्तीत ठेवता येत नव्हता. प्रत्येक घर, झाड, थांबा पुन्हा उभा करावा लागत होता. जुन्या मॉडमधली काही चित्रं उघडतही नव्हती. म्हणून एका रविवारी दोघी एसटीने बार्शीला गेल्या. माजिदा खिडकीशी बसून फोटो काढत राहिली. कंडक्टरने विचारलं, सर्व्हे आहे का? ती म्हणाली, व्हय, आमचे साहेब लई कडक हायेत. बार्शीत दोघींनी भजी खाल्ली आणि परत आल्या. त्या दिवसाचा दोघींचा फोटो उत्कर्षाकडे एकही नाही. सगळे थांब्यांचे आहेत.

फेब्रुवारीत माजिदाला दुकानातच चक्कर आली. मेंदूत रक्तस्राव, असं दवाखान्यात सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती गेली. तिचं वय बत्तीस.

उत्कर्षाला रडू आलं नाही. ती छापखान्यात गेली, मुद्रितं तपासली. संध्याकाळी पाय नाक्याकडे वळले. शटर बंद होतं. ती समोरच्या पानटपरीशी उभी राहिली. आपण कशाची वाट बघतोय, हे तिला सांगता आलं नसतं. पुढचे बरेच दिवस असंच झालं.

दुकान उघडल्यावर तौसिफने तिला आत बोलावलं. कॉम्प्युटर तसाच होता. मामी दोनदा येऊन गेल्या, तो म्हणाला, काही विचारलं नाही, नुसत्या बसल्या. उत्कर्षाने 'मामा नवा' उघडलं. रस्ता बनवणं तिला येत नव्हतं. पण मॉड टॅबमध्ये कसा घालायचा, ते तिने स्टुलावर बसून अनेकदा पाहिलं होतं. तौसिफने मामांचा नवा टॅब आणून दिला. दोनदा चुकलं. तिसऱ्यांदा गाडी सुरू झाली.

मामांच्या घरी तिने टॅब पुढे केला, तो त्यांनी उजव्या हातात घेतला. स्क्रीनवर सोलापूरचं स्टँड आलं. डावा हात मांडीवरच होता. गाडी बाहेर काढायची वेळ आली तेव्हा तो हळूच उचलला गेला. अक्कम्मा श्वास धरून बघत होत्या. वडाळ्याजवळ मामांनी सवयीने ब्रेक दाबला आणि गाडी खरंच उसळली. माजिदाने गतिरोधक घातला होता. मामा हसले. झटक्याने तोंड वाकडं झाल्यापासून ते हसायचं टाळत.

बार्शीच्या अलीकडचं वैराग आलं. स्टँड होतं, पुढे थोडा रस्ताही होता. दोन्ही बाजूंना मोकळी जमीन, घर नाही, झाड नाही. अजून पुढे डांबर संपलं.

"का थांबवली?" अक्कम्मांनी विचारलं. "बार्शी कुटंय?"

मामा स्क्रीनकडे बघत राहिले. त्यांचे शब्द हल्ली जड येत.

"पुढं रस्त्याचं काम चालू हाय," ते म्हणाले.

त्यांनी गाडी मागे घेतली. दोन्ही हातांनी टॅब कलवून, जागा कमी असल्यासारखी, सावकाश वळवली आणि सोलापूरकडे काढली.

उत्कर्षा दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉम्प्युटरशी बसली. शोधता शोधता तिला वैरागच्या पुढचा, पानगावचा थांबा सापडला; त्या रविवारच्या फोटोवरून तिने तो ओळखला. रस्त्याला अजून न जोडलेला, एकटाच बाजूला ठेवलेला. तीन भिंती झाल्या होत्या. बाकडं होतं. छप्पर एका टोकापर्यंत आलं होतं. पाटी लावलेली होती, पिवळी. तिच्यावर नाव घालायचं राहिलं होतं.